दारातली पथारी

लिफ्टचं दार मिटत आलं तेव्हा उरलेल्या फटीतून रामदास पाष्टेला मीराबाई दिसली. एका हातात मेथीची पिशवी, दुसरा हात भिंतीला टेकलेला आणि तोंडावर कसनुसं हसू. क्षणापूर्वी ती ह्याच लिफ्टमध्ये उभी होती. दुसरी लिफ्ट बंद पडलेली, त्यामुळे खाली ही रांग. राकेश वॉचमन धावत आला, मिटतं दार हातानं अडवून म्हणाला, "आजी, जरा बाहेर या ना, चेअरमनसाहेब आलेत, शेठपण आहेत सोबत," आणि ऐंशी ओलांडलेली मीराबाई गुडघ्यावर हात देत बाहेर आली. नुसती आली असती तरी चाललं असतं. पण ती बाजूला झाली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या साहेब, या." साहेब! जिनं आयुष्यात त्याला 'रामा' आणि 'मेल्या' ह्याखेरीज तिसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, ती म्हणाली साहेब. आणि रामदासनं काय केलं? काही नाही केलं. आत गेला. पाय आपले आपण गेले. लिफ्ट वर निघाली, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. छातीत काहीतरी गोड, उबदार पसरलं. दोन-चार मजले ते टिकलं. मग आपल्याला नक्की कशामुळे बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या तळपायाला मुंग्या आल्या.

शेजारी हितेंद्रशेठ उभे होते. करी रोडची जुनी चाळ पाडून त्यांनीच तिथे दोन टॉवर उभे केले होते. हा चाळकऱ्यांसाठी, आणि मागचा काचेचा, ह्याच्या दुप्पट उंच, विकायचा. माणूस बोलायला मऊ. कधी आवाज चढला नाही, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. आता गच्चीवर टाकी बघायला निघाले होते. "पाष्टेसाहेब, एक सांगू?" ते म्हणाले. "माणूस काय बदलत नाही. इथे गिरणीमालक होते. ते गेले, युनियनचे पुढारी आले. ते गेले, आम्ही आलो. उद्या आमच्या जागी दुसरा कोणी येईल. खुर्ची तीच, बसणारा नवा, आणि एकदा बसला की सगळे सारखेच. मग अक्कल कशात? एक चांगला माणूस बघायचा, त्याला खुर्चीवर बसवायचा आणि उठवायचा नाही. म्हणून तर आजचा ठराव. आमदारसाहेब स्वतः येतायत शाल घेऊन." रामदास "हो ना" म्हणाला. त्याला ते पटलंही होतं, म्हणजे आज सकाळपर्यंत तरी. संध्याकाळी सोसायटीची सभा होती आणि तिच्यात असं ठरायचं होतं की यापुढे कधीही निवडणूक आली तरी अध्यक्षपदासाठी रामदासखेरीज कुणी अर्जच भरायचा नाही. पाष्टे तहहयात. विरोध कुणाचा असणार? चाळ पडल्यापासून हाच माणूस सगळ्यांसाठी भांडला होता. भाड्याचे चेक थकले तेव्हा बायाबापड्यांना घेऊन शेठच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर हाच बसला होता, खोल्यांचं माप कमी भरलं तेव्हा कोर्टात हाच गेला होता. लोक उपकार मानत होते आणि त्यांचं चूक नव्हतं.

शेठनी त्याच्याकडे कधी वाईट काही मागितलं नव्हतं, हेही खरंच. फक्त मैदानाचं बोलले होते. दोन्ही टॉवरच्या मध्ये जुन्या चाळीचं मैदान उरलं होतं, गणपतीचा मांडव तिथे पडायचा, पोरं क्रिकेट खेळायची. मागच्या टॉवरच्या गाड्यांना त्यातून रस्ता हवा होता. रस्ता गेला की मैदान गेलं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण त्यासाठी अध्यक्षाची संमती लागायची आणि अध्यक्ष विश्वासातला असला की घाई करावी लागत नाही. रामदासनं हो म्हटलं नव्हतं. पण परवाच जेवताना तो कांताला, आपल्या बायकोला, समजावून सांगत होता की रस्ता झाला तर आपल्या इमारतीचा भाव कसा वाढेल. कांता भात कालवता कालवता म्हणाली होती, "अगदी शेठसारखं बोलायला लागलात हो." तो हसला होता. त्याला वाटलं होतं, थट्टा करतेय.

अठराव्या मजल्यावर दार उघडलं, शेठ हात जोडून तसेच वर गेले आणि रामदास एकटा पॅसेजमध्ये उभा राहिला. घरी जायला डावीकडे वळायचं. तो वळला नाही. उजवीकडच्या कोपऱ्यात गावकीचा फ्लॅट होता. जुन्या चाळीत ओझरकोंड गावाच्या मालकीची एक खोली होती, तिच्या बदल्यात मिळालेला. दार सताड उघडं, आणि दारात, अगदी उंबऱ्याला लागून, भरदुपारी एक माणूस चादर ओढून झोपला होता. स्वप्नील, गावच्या वरच्या वाडीतला, हॉस्पिटलात रात्रपाळी करणारा. आत गार फरशीवर एवढी जागा मोकळी, वर पंखा गरगरतोय, आणि हा इथे वाटेत. यंदा चावी त्याच्याकडे असणार. दोन्ही हातांनी चौकट धरून रामदास तसाच उभा राहिला. अजून पाळतायत, मेले! कुणी सांगितलं ह्यांना? आपण तर ह्यांना कधीच काही सांगितलं नाही.

तो मुंबईला आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. एसटीतून उतरून, पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन, विचारत विचारत चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर पोचला आणि अंधाऱ्या खोलीत पाऊल टाकलं ते सरळ एका माणसाच्या हातावर. "अगं आयाय!" असा आवाज आला. तो हात कुशाबाचा. कुशाबा गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, आणि त्या साली खोलीचा कारभारी. कारभारी म्हणजे काय, तर चावी त्याच्याकडे, कुणाची ट्रंक कुठे आणि कुणाची पथारी कुठे हे ठरवणार तो, भांडण तोडणार तो, गावाहून आलेल्याला आसरा देणार तो. खोली केवढीशी, माणसं पाळीपाळीनं झोपायची, एक उठला की त्याच्या उबेत दुसरा. अशा खोलीत कोपरा कुणाला मिळतो आणि मोरीजवळ कोण जातो, हे ठरवणारा म्हणजे राजाच की. पण त्या राजाची पथारी दारात. हा गावचा नियमच होता. ज्याच्या हाती चावी, त्याची पथारी दारात. वारा तिथे, डास तिथे, पाळीवरून येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला ओलांडून जाणार, कुणाच्या पायाची धूळ तोंडावर, कुणाचा अंगठा बरगडीत. रामदास घाबरून गेला होता. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, वाढ खुंटते, असं आई लहानपणापासून सांगायची, आणि इथे तर वडीलधाऱ्यालाच तुडवला. तो पाया पडायला वाकला तसा कुशाबा हात चोळत उठून बसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊं दे रे बाबा. वाढ खुंटती म्हनत्यात ता खराच हाय. म्हनूनच तर हितं निजवलाय माका. कारभाऱ्याची वाढ खुंटलेलीच बरी." मग त्यानं ट्रंक उतरवून घेतली, आणि स्वतःच त्याला खाली मीराबाईच्या खाणावळीत घेऊन गेला.

मीराबाई तेव्हा तरणीताठी. नवरा गिरणीतच गेलेला, पदरात एक मुलगी, आणि दोन चुली पेटवून सगळ्या माळ्यांवरच्या एकट्या पुरुषांना जेवू घालायची. रामदास भाकरीचा तुकडा मोडून नुसता बसला होता, गावची आठवण येऊन घास उतरेना, तर ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "रामा काय रे तुझा नाव? रडाचा आसला तर जेवल्यार रड. उपाशी पोटी रडू पण धड येना नाय." आणि वाटीभर सुकटीची चटणी जास्त वाढली. पुढे संप झाला, गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले, जेवणाऱ्यांच्या खिशात दमडी नाही, तरी त्या चुली विझल्या नाहीत. कशा पेटत ठेवल्या हे तिनं कधी सांगितलं नाही आणि लाजेनं कुणी विचारलं नाही. गळ्यातलं डोरलं तेवढं एक दिवस दिसेनासं झालं. रामदासच्या अंगात आज जे काही बळ होतं, पायऱ्यांवर बसायचं, वकिलाशी वाद घालायचं, त्याचा पाया त्या भाकऱ्यांचा होता. आणि ती म्हणाली, या साहेब.

चावीचा दुसरा नियम असा की ती एका वर्षाची. शिमग्याला सगळे गावी जायचे, गावदेवीची पालखी सहाणेवर, म्हणजे पारासारख्या त्या दगडी ओट्यावर, बसली की कारभारी पुढे होऊन चावी पालखीपुढे ठेवायचा. नारळ फुटायचा, आणि दुसरा कुणीतरी वाकून ती उचलायचा. बस. भाषण नाही, मत नाही. जो वाकेल तो वर्षभर दारात निजेल. फार हौसेनं वाकणारे नसत, हे सांगायला नकोच. पण एक साल असं आलं की चावी पालखीपुढे पडली आणि कुणी वाकलंच नाही. संपाचं साल ते. कारभारी होता सीताराम, गुरवांच्या घरातला, हुशार आणि धडपड्या. संपात त्यानं खोली तारली. गावाहून तांदूळ आणवला, कुणाला वॉचमन म्हणून चिकटवलं, कुणाला हिंदमाताला साड्यांच्या दुकानात गठ्ठे उचलायला लावलं. माणसं त्याचं इतकं मानत होती की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. सीतारामलाच ठेवू दे ना. इतकं केलंन आपल्यासाठी. चूक झाली ती तिथे. सीतारामनं काही हिसकावलं नाही हो. वाकायचं ते बाकीचे वाकले नाहीत, उपकारापोटी वाकले नाहीत. पुढल्या शिमग्यालाही तेच. त्याच्या पुढल्या वर्षी तर चावी गावाला गेलीच नाही. आणि मग त्याची कंबर धरायला लागली, म्हणून पथारी दारातून भिंतीशी गेली. कंबर काय कुणाचीही धरते. मग खाट आली. मग खाटेला पडदा. नवीन माणूस आला की सीताराम पडद्यामागून विचारायचा, कोण रे? सगळ्यांना वाटायचं, बरोबरच आहे, कारभारीच तो. एके दिवशी गावाहून एक म्हातारा छातीत दुखतं म्हणून दाखवायला आला आणि सीताराम पडद्याआडून म्हणाला, "आज जागा नाय, उद्या बघू." ज्या खोलीत माणसं एका कुशीवर निजून दुसऱ्याला जागा करत, त्या खोलीत 'जागा नाय' हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते.

त्याच दिवशी दुपारी कुशाबानं आपली वळकटी उचलली आणि दारात पसरली. आडवा झाला, डोळ्यांवर हात घेतला. रामदास आत कोपऱ्यात होता, त्यानं ते पाहिलं. म्हातारा बाहेर गॅलरीत टेकला होता, त्याला कुशाबानं झोपल्या झोपल्याच खुणेनं आत बोलावलं, आणि म्हातारा त्याला ओलांडून आत आला. मग सीताराम बाहेरून आला. दारात थबकला. "ऊठ रे कुशाबा, चावी माझ्याकडं हाय." कुशाबानं डोळ्यांवरचा हात काढला नाही. म्हणाला, "हाय ना. कोन नाय म्हनतो? पन दार मोकळा पडला व्हता, म्हटला कोनीतरी निजूक व्हया." किती वेळ सीताराम तसा उभा होता कोण जाणे. बापाच्या वयाच्या माणसाला ओलांडायचं कसं? आणि ओलांडल्याशिवाय आत जायचं कसं? शेवटी तो तिथेच मटकन बसला, खिशातून चावी काढून कुशाबाच्या उशाशी ठेवली आणि लहान पोरासारखा ढसाढसा रडला. मग उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला. खाट त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला गेली. पुढे सीताराम म्हातारा होऊन गावी गेला तोवर कधी कडू बोलला नाही. उलट म्हणायचा, "कुशाबानं माझा पिसाळलेला गुरू ताळ्यावर आणलान." म्हणजे गुरू नव्हे हो, गुरं. आपल्या आतलं जनावर.

हे सगळं रामदासला माहीत होतं. विसरला होता असंही नाही, दर गणपतीत इमारतीतल्या लहानग्यांना रंगवून सांगायचा. पण गोष्ट सांगताना तो नेहमी कोपऱ्यात बसलेला असायचा, बघणारा. आपणच पडद्यामागे गेलोय हे त्याला अठराव्या मजल्यावर, झोपलेल्या स्वप्नीलकडे बघताना कळलं. लॉबीत त्याच्यासाठी एक वेताची खुर्ची ठेवलेली असते. ती कधी आली? त्यानं मागितली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून कुणीतरी ठेवली, प्रेमानं. राकेश लिफ्ट धरून ठेवतो. त्यानं सांगितलं नव्हतं. हे सगळं उपकारापोटी, सगळं आपलेपणानं. कुठे बोट ठेवून चूक दाखवता येईल अशी एक जागा नाही. तो चौकट सोडून मागे वळला. स्वप्नील झोपेत कुशीवर वळला आणि रामदासनं पाय न वाजवता आपलं घर गाठलं.

घरी अनुजा आलेली होती. अनुजा तांबे, बाराव्या मजल्यावरची, भोईवाड्याच्या कोर्टात वकिली करते, सोसायटीच्या कमिटीवर आहे. तिचा बाप अभय तांबे रामदासच्याच गिरणीत, रामदासच्याच गावचा, पण बौद्धवाडीतला. कांतानं तिच्यापुढे चहा ठेवला होता. "आले बघ अध्यक्ष," कांता म्हणाली. "बोल आता तोंडावर, मघापासून मला काय ऐकवतेस?" अनुजानं कप खाली ठेवला. "काका, मी आज ठरावाच्या विरोधात बोलणार आहे. मागनं कळण्याआधी स्वतः सांगायला आले."

"का गं? मी वाईट केलं काही?" रामदासनं विचारलं. विचारताना त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पडद्यामागून आल्यासारखा वाटला.

"तुम्ही चांगले आहात म्हणूनच," ती म्हणाली. "वाईट असतात ना, त्यांना लोक कधी ना कधी घालवतात. चांगल्याला कोण उठवणार? आणि तुमच्यानंतर त्याच खुर्चीवर जो बसेल, त्याला उठवायची सवयच कुणाला राहिलेली नसेल."

रामदासला तिला गावकीच्या खोलीचं सांगावंसं वाटलं. चावी, दार, कुशाबा. त्यानं सुरुवातही केली, जरा अभिमानानंच, की बघ, आमच्या अडाणी माणसांनीसुद्धा केवढी शहाणी व्यवस्था करून ठेवली होती. अनुजानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा सांगायचे ही गोष्ट. छान आहे. फक्त काका, तुमची पथारी दारात होती, आमची दाराबाहेर होती." कांता एकदम मोरीत गेली, भांडं वाजवत बसली. खरंच होतं. गाव एक, पण बौद्धवाडीतल्यांना त्या खोलीत जागा नव्हती. त्यांची वेगळी खोली परळला. एका पंगतीला बसायचे ते फक्त मीराबाईकडे, कारण ती म्हणायची, माझ्या चुलीला वाडी कळत नाही. अभय तांबे रोज रात्री खोलीच्या दारापर्यंत रामदासशी गप्पा मारत यायचा आणि दारातून परतायचा. उंबऱ्यात कारभारी झोपलेला. त्याला ओलांडायचा हक्कसुद्धा गावानं अभयला दिला नव्हता. पुढे त्यानं ह्याच चाळीत स्वतःची खोली घेतली, आणि आज ह्या एकाच इमारतीत, एकाच लिफ्टनं, त्याची मुलगी वर येऊन रामदासच्या घरात चहा पिऊन त्याला तोंडावर नाही म्हणत होती. बदललं नाही असं कसं म्हणावं? पण आपोआप बदललं असंही कसं म्हणावं? रामदासला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला एकदम ह्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. कुशाबानं सीतारामला तीन वर्षं वेळ दिला होता. हिनं आपल्याला सभेआधी गाठलं.

"चहा घे, गार झाला," एवढंच तो म्हणाला. ती गेल्यावर कांता मोरीतून बाहेर आली, हात पुसत. "रागावलात?" तिनं विचारलं. "नाही गं. मीराबाईला आज माझ्यासाठी लिफ्टमधून उतरवलं." लग्नानंतर कांता चाळीत आली तेव्हा तिला पहिल्यांदा भाकरी थापायला मीराबाईनंच शिकवलं होतं. "आणि तुम्ही चढलात?" ती म्हणाली. तो अंगातल्या शर्टाची बटणं सोडायला लागला. "मग आता उतरा," ती म्हणाली आणि त्याचा इस्त्रीचा शर्ट त्याच्या हातात दिला.

सभा पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीत. खुर्च्या मांडलेल्या, समोर टेबलावर सॅटिनचं कापड, बाजूला आमदार आणि हितेंद्रशेठ, शाल आणि नारळ ताटात तयार. पहिल्या रांगेत मीराबाईला बसवलेलं, मेथीची पिशवी अजून तिच्या मांडीवर. ठराव वाचला गेला. टाळ्या पडल्या. अनुजा उठली आणि बोलली, थोडक्यात आणि नीट. कुणीतरी मागून ओरडलं, "काकांनी तुमच्यासाठी काय कमी केलं काय?" दुसरा म्हणाला, "उपकार विसरू नका!" अनुजाचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात रामदास उठला. समोर सगळी ओळखीची तोंडं. ह्यांच्यासाठी आपण केलं, आणि करताना किती समाधान मिळालं! ते समाधान ह्यांनीच दिलं. आता आणखी काय हवं असतं माणसाला? तरी त्याला हवं होतं. त्या क्षणीसुद्धा, त्या शालीकडे बघताना, त्याला ती खांद्यावर हवी होती. हे त्याला स्वच्छ कळलं, आणि गंमत म्हणजे त्याची लाज वाटली नाही. असंच असतं, त्याला वाटलं. हे जात नाही. म्हणून तर पथारी दारात.

"शेठ म्हणतात, माणूस बदलत नाही," तो म्हणाला. "बरोबर म्हणतात. मी पण बदललो नाही. मला बसवाल तर मी बसेन, आणि मग मला उठवत नाही. म्हणून तुमच्या पाया पडून सांगतो, मला बसवू नका. उपकार मानायचेच असतील तर असे माना. मी आज सोडतो. वर्षाला एक अध्यक्ष, आळीपाळीनं. मैदानाचं काय करायचं ते सगळ्यांनी मिळून इथेच ठरवायचं, एकट्या अध्यक्षाची सही चालायची नाही. आणि अजून एक." तो थांबला. हे त्यानं ठरवून आणलं नव्हतं, बोलता बोलता आलं. "जो अध्यक्ष होईल, त्यानं लिफ्टमध्ये सगळ्यात शेवटी चढायचं. रांग संपेस्तोवर बाहेर उभं राहायचं. जागा नसेल तर थांबायचं." लोक हसले. मग काही जुनी माणसं हसायची थांबली. ओझरकोंडची होती ती, त्यांना दार आठवलं असावं. शेठच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त ते आता कुणाकडे बघून हसावं हे त्यांना कळेना. आमदारांनी घड्याळ पाहिलं. पहिली पाळी कुणाची ह्यावर कुजबुज सुरू झाली, कुणीच पुढे होईना, अगदी त्या सहाणेवरच्या शिमग्यासारखं. तेव्हा मीराबाई बसल्या जागेवरून कडाडली, "अरे, बघतास काय येकामेकाच्या तोंडाक? जिनं तोंड उघडल्यान तिकाच देवा!" मोठा हशा झाला, हात वर गेले, आणि शाल कुणाच्याच खांद्यावर न पडता ताटात राहिली.

रात्रीच्या जेवणाची वेळ होत आलेली, सगळे एकदमच लॉबीत उतरले. लिफ्ट अजून एकच चालू. वेताची खुर्ची कुणीतरी मीराबाईला सरकवली, पण ती बसेना, म्हणाली मला वर मेथी निवडायची आहे. लिफ्ट आली. राकेश वॉचमन सवयीनं धावला, दारात हात घातला, आणि रामदासकडे न बघता सरळ अनुजाकडे वळून अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुम्ही या आधी." रामदासच्या काळजात बारीक कळ उठली. इतक्या लवकर! पोडियमवरून इथे येईस्तोवर तो साहेबाचा काका झाला होता. आणि मग त्यानं पाहिलं, अनुजाचा पाय उचलला गेला होता. आपला आपण. अर्धं पाऊल पुढे पडलंही होतं. चेहऱ्यावर ते हसू येऊ घातलं होतं, गोड, उबदार, त्याच्या चांगल्या ओळखीचं. तेवढ्यात ती थबकली. तिनं रामदासकडे पाहिलं, कान लाल झाले, आणि दोन्ही हात वर करून ती मागे सरली, पार भिंतीला टेकेपर्यंत. "नाही नाही, मी शेवटी," ती म्हणाली. "बघा ना काका, किती पटकन!" रामदासला हसू फुटलं. मोठ्यानं हसला तो, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कुशाबा, सीताराम, अभय, सगळ्यांची त्याला एकदम आठवण आली, आणि ज्या कुणा अनामिक शहाण्यानं पहिल्यांदा चावीवाल्याची पथारी दारात घालून ठेवली त्याची. माणसाला तो बदलू गेला नव्हता. फक्त झोपायची जागा ठरवून दिली होती.

माणसं आत शिरत होती. लिफ्ट भरली. रामदास सवयीनं दारापाशीच घुटमळला, आत जावं की थांबावं, आता आपली जागा कुठली, त्याला समजेना. आतून मेथीची पिशवी हलली.

"रामा, मेल्या, दारात काय उभो ऱ्हवलंस? भुतूर सरक."

तो आत सरकला.